दिव्याखालचा उन्हाळा

आमच्या घराण्यात कुणी खोटं बोलत नाही. खऱ्याला तूप थोडं जास्त लावतात, एवढंच. वडील पाटबंधारे खात्यात होते. कृष्णेच्या एका पुरात त्यांनी मगरीच्या पाठीवर उभं राहून पाण्याची पातळी मोजली होती, आणि मगरीनेच त्यांना अलगद घाटावर आणून सोडलं होतं. ही गोष्ट चालू असताना आई भाजी निवडत असायची. मान वर न करता म्हणायची, "निम्मं करा." मग वडील मगरीची घोरपड करायचे. मला आईने वेगळा दर लावला होता. माझं बोलणं ती चौथाई धरायची.

म्हणून आधीच सांगून ठेवतो. पुढे कॅनडातल्या आमच्या स्कारबरोच्या थंडीबद्दल जे काही येईल त्याचं खुशाल निम्मं करा. त्या जनावराबद्दल जे आहे त्याला मात्र हात लावू नका. तेवढं सगळं खरं आहे. ते खोटं असतं तर मलाच बरं वाटलं असतं.

जनावर म्हणजे फेरेट. मुंगसाला दोन द्वाड पोरांनी दोन टोकांना धरून ओढलं तर जे तयार होईल ते. अंग पडवळाचं, चेहरा खिसेकापूचा, आणि वास असा की पाहुणे दारातूनच 'पार्किंग मिळालं नाही' म्हणून परत जायचे. ऑफिसातला एकजण कॅल्गरीला निघाला होता, त्याने पिंजरा, त्यातला झोपाळा आणि ही बया, सगळं माझ्या गाडीत भरलं आणि मी नको म्हणायच्या आत विमानतळ गाठला. घरात आल्या आल्या तिने चोऱ्या सुरू केल्या. मोजे, किल्ल्या, बायकोची लिपस्टिक. एकदा माझे विंटर टायर सापडेनात तेव्हा मी आधी तिच्या झोपाळ्यात बघितलं.

ती आली त्याच वसंतात आई आमच्याकडे आली होती. वडील त्या जानेवारीत गेले. सांगलीच्या घराला कुलूप लावून मी आईला घेऊन आलो. येताना तिने एका बॅगेत कपडे आणले आणि दुसरीत वडिलांचा फोटो, त्यांचा लोकरी मफलर आणि पितळी समई. तिला बेसमेंटची खोली दिली, कारण तिथे घर तापवणाऱ्या भट्टीची ऊब असते आणि स्वतंत्र वॉशरूम. पहिल्याच दिवशी तिने फोटोपुढे समई लावली. छतावरचा धुराचा अलार्म असा किंचाळला की आगीचे तीन बंब आले. आईच्या मते एकच आला होता, आणि त्यातला गोरा जवान बेसनाचा लाडू खाऊन गेला. समई बंद झाली. मी फोटोच्या वर एक बल्ब लावून दिला आणि बटणावर चिकटपट्टी मारली, म्हणजे चुकूनही कुणी बंद करणार नाही. वर्षश्राद्धापर्यंत हा दिवा रात्रंदिवस जळेल, असं आईने ठरवलं होतं.

"कशाला गं, आई? तुला झोप लागते का एवढ्या उजेडात?"

"मला लागत नाही," ती म्हणाली. "पण त्यांना अंधारात लागत नसे."

हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मगरीवर उभा राहणारा माणूस आयुष्यभर दिवा लावून झोपत होता.

आई त्या दिवसांत बोलायची नाही. जेव म्हटलं की जेवायची, चल म्हटलं की चालायची. फेरेटकडे तिने पहिल्या दिवशी एकदा बघितलं आणि म्हणाली, "मुंगूस दिसणं शुभ असतं म्हणतात. हे अर्धं शुभ असेल." मग काही दिवसांनी तिनेच मला स्वयंपाकघरात गाठलं. इकडे तिकडे बघून, आवाज खाली करून म्हणाली, "तुझ्या बायकोला सांग, बया माजावर आलीय. मी तुला सांगितलं नाही."

बायकोने ते मला सांगितलं, मी ते आधी ऐकलंच नव्हतं असं दाखवलं, आणि आम्ही तिघंही बयेला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दुकानातून घेतलेल्या फेरेटच्या माद्यांचं ऑपरेशन आधीच झालेलं असतं. आमची कुठल्याशा फार्मवरून आलेली, तिचं झालेलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते ऐकून मला वाटलं, ही बाई आमच्याच घराण्यातली असावी. म्हणाल्या, ही जात एकदा माजावर आली की नर मिळाल्याशिवाय माज उतरत नाही. आठवडेच्या आठवडे तशीच राहते. आणि तशीच राहिली तर तो माजच अंगात विषासारखा भिनतो, हाडांत रक्त तयार व्हायचं थांबतं आणि मादी मरते.

मी आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "चौथाई कर."

"अगं, ह्या डॉक्टर सांगतायत."

"म्हशीचा दिवसाभरात उतरतो. हिची एवढीशी कुडी, आणि हट्ट बघा."

उपाय दोन-तीन होते. माजात ऑपरेशन केलं तर रक्त फार जातं, म्हणून ते मागाहून, ती शांत झाल्यावर. एक इंजेक्शन होतं. पण डॉक्टरीणबाईंचा भरवसा जुन्या उपायावर होता, तो म्हणजे नसबंदी केलेला नर. संग होतो, माज उतरतो, पिल्लं होत नाहीत. असा नर शहराच्या दुसऱ्या टोकाला, एटोबिकोला, एका गृहस्थांकडे होता. मी फोन लावला. त्यांच्या 'हॅलो'मध्येच मला वसई ऐकू आली. पुढचं सगळं मराठीत झालं.

निघायच्या दिवशी आई डबा घेऊन गाडीत बसली. बेसनाचे लाडू.

"हे कुणाला?"

"रिकाम्या हाताने कसं जायचं मुलीला घेऊन?"

वसईकर दारातच उभे होते, गळ्यात क्रूस, खांद्यावर नवरदेव. नवरदेव बोक्याएवढा होता. मी इथल्या मराठी मंडळात सांगतो तेव्हा तो वासराएवढा असतो. वसईकरांनी डबा हातात घेतला, झाकण उघडून वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाले, "मावशी, आमच्याकडून हुंडाबिंडा काही नको. पोरगा घरजावई पण यायला तयार आहे. एकच सांगून ठेवतो, नसबंदी झालेली आहे. नंतर तक्रार नको."

आई हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. वडील गेल्यापासून मी ते पहिल्यांदा बघत होतो. त्या क्षणी मी मनात ठरवलं की या जनावराला काही होऊ द्यायचं नाही. ते बयेसाठी नव्हतं हे उघड आहे.

त्यांचा संग बघवत नाही. नर मादीला मानेला धरतो आणि खोलीभर फरपटत नेतो, आणि ती असा टाहो फोडते की शेजारी पोलीस बोलावतील. आई बाहेर ड्राइव्हवेवर जाऊन उभी राहिली. परतीच्या वाटेवर बया तिच्या मांडीवर निपचित होती, मान लाल झालेली. हायवे संपेपर्यंत आईने तिच्यावर पदर धरून ठेवला. मग म्हणाली, "बाईच्या जातीचा जीव वाचवायची काय ही रीत."

पण माज उतरला. उतरल्यावर तिला वाटलं की आपल्याला दिवस गेलेत. हेही खरं, हेही त्यांच्यात होतंच. तिने माझे उरलेसुरले मोजे ओढून घरटं बांधलं आणि त्यात गोल होऊन कुणाची तरी वाट बघत पडून राहिली. आईने तिला अंड्यातलं पिवळं भरवायला सुरुवात केली. जन्मात अंड्याला हात न लावलेली बाई, ती आता चमच्याने बलक काढत होती.

"आजी, देअर आर नो बेबीज," माझी मुलगी म्हणाली.

"मला माहीत आहे," आई म्हणाली. "तिला कुणी सांगू नका."

जुलैत पुन्हा तेच झालं. पुन्हा लाडू, पुन्हा एटोबिको. वसईकर आता आईला फोन करून सुनेची तब्येत विचारायचे. ऑगस्ट संपला आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दिवस लहान होतील, ही वसंतापर्यंत शांत राहील. जानेवारीत ऑपरेशन करून टाकू, मग ही दगदग कायमची गेली. आम्ही जानेवारीची वेळ घेतली. सगळ्यांचं बरोबर होतं. दिवस लहान झाले होते. वर, आमच्या खिडक्यांत.

ऑक्टोबरात आईने पिंजरा खाली मागवून घेतला. "तिला वर थंडी वाजते," म्हणाली. वाजत कुणाला होती आणि सोबत कुणाला हवी होती, हे आम्ही विचारलं नाही. पिंजरा ठेवायला बेसमेंटमध्ये एकच मोकळा कोपरा होता, फोटोच्या शेजारी. खालच्या खोलीला एक झरोका होता, तोही पहिल्या बर्फातच बुजला. तिथे ऊन नाही, संध्याकाळ नाही. होता तो आईचा बल्ब.

त्या वर्षी थंडीने कमाल केली. शिंकलं तर शिंक खाली पडून फुटायची. मी दाराशी 'जाऊन येतो' म्हणायचो तर शब्द तिथेच गोठायचे आणि बायकोला ते एप्रिलमध्ये ऐकू आले. मी सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायचो तेव्हा खालच्या खोलीतून बोलण्याचा आवाज यायचा. आई बोलायला लागली होती. बयेशी बोलायची, आणि बयेच्या आडून फोटोशी. "हिला सांगते, तुम्ही सायकलवरून पडला होतात ते. ऐका, हसतेय ती." बया दिवसभर तिच्या शालीत असायची. तिच्या शेपटीचे केस गळायला लागले तेव्हा आईला वाटलं थंडीने. तिने वडिलांचा मफलर उसवला आणि त्याच लोकरीचं बयेला झबलं विणलं, गळ्यापासून शेपटीपर्यंत, चार पायांना चार भोकं. बया ते काढायची, आई ते घालायची. शेवटी बयेने काढायचं सोडलं. आम्हाला वाटलं, सवय झाली.

ऑपरेशनला आठवडा राहिला होता. बर्फामुळे ऑफिस बंद होतं आणि मी चहा घेऊन खाली गेलो. मुद्दाम पायातला मोजा अर्धा काढून बयेसमोर लोंबवला. तिने बघितलं आणि डोळे मिटून घेतले.

"गारठलीय," आई म्हणाली. "दोन दिवस बलकही नको म्हणतेय."

मी तिला उचललं. वजन नव्हतंच, नुसती लोकर होती. झबलं काढलं. पाठीचा मागचा भाग उघडा पडलेला, शेपटी उंदराची, आणि जे उन्हाळ्यात दोनदा पाहिलं होतं तेच, सुजून आलेलं. ओठ वर केला तर हिरड्या खडूसारख्या पांढऱ्या होत्या. मी आईकडे बघितलं. ती काही विचारायच्या आत म्हणालो, "दाखवून आणतो," आणि निघालो.

डॉक्टरीणबाईंनी एकदा बयेकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. "जानेवारीत?" म्हणाल्या. मग विचारलं, "हिला उजेड किती मिळतो?"

"काहीच नाही. बेसमेंटमध्ये असते."

"दिवा?"

"तो असतो," मी म्हणालो. "चोवीस तास."

त्या स्टूलवर बसल्या आणि हळू आवाजात समजावून सांगितलं. हे जनावर ऋतू ओळखतं ते थंडीवरून नाही, उजेडावरून. उजेड लांबला म्हणजे उन्हाळा, उन्हाळा म्हणजे माज. बाहेर बर्फ पडत होता तेव्हा हिच्या डोक्यात जून महिना चालू होता, आणि तो संपतच नव्हता.

मग एक झालं, आणि ते ऐकून आमच्या घराण्यातला कुणीही मला मिठी मारेल, पण ते शंभर टक्के तसंच आहे. हिला रक्त द्यावं लागणार होतं, आणि फेरेटमध्ये रक्तगट जुळवावे लागत नाहीत. कुणाचंही कुणाला चालतं. मी वसईकरांना फोन केला. हायवेवर गाड्या सरपटत होत्या, रेडिओवर घरी बसा म्हणून सांगत होते. ते आले. कोटाच्या आत, छातीशी नवरदेव. "जावई आणलाय," म्हणाले, पण हसले नाहीत. नवरदेवाचं रक्त नळीतून तिला गेलं. माज उतरायचं इंजेक्शन दिलं. हिरड्यांना थोडा, अगदी थोडा गुलाबी रंग आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आशा फार नाही. घरी न्या, ऊब द्या, खायला घाला. आणि काहीही करून तिला रात्र द्या.

घरी येताना मी गाडीत वाक्यं जुळवत होतो. आयुष्यभर मला वाक्यं जुळवावी लागली नव्हती, ती आपोआप यायची. खाली गेलो. आई बल्बखाली तशीच बसली होती, हातात झबलं. बयेला तिच्या मांडीवर दिलं आणि सांगितलं. उजेडाचं, जूनचं, रक्ताचं. सगळं एका दमात. मग थांबलो, ती 'चौथाई कर' म्हणेल म्हणून.

"हे तू रचलेलं नाहीस," आई म्हणाली.

"कशावरून?"

"तुझ्या गोष्टीत कधी कुणी मरत नाही."

ती बयेच्या मानेवरून एका बोटाने हात फिरवत होती.

"मीच जागं ठेवलं हिला," म्हणाली.

"अगं नाही. हिचं वय बघ की. फेरेटच्या हिशेबाने ती ऐंशीच्या घरात आहे. नातवंडं-पतवंडं..."

"चौथाई कर."

श्राद्ध पंधरवड्यावर आलं होतं. मी म्हणालो, पिंजरा वर नेऊ, वर अंधार करू, तुझा दिवा राहू दे. ती म्हणाली, "वर तुम्ही माणसं आहात. रात्री दिवे लावाल, टीव्ही लावाल. ही माझ्याजवळच झोपणार." बयेला माझ्याकडे देऊन ती उठली. फोटोसमोर उभी राहिली, पदर खांद्यावरून घेतला.

"अहो," ती म्हणाली, "पोरीला बरं नाही. थोडे दिवस अंधारात काढा. मी इथेच आहे."

बटणावरची चिकटपट्टी इतक्या महिन्यांत चिवट झाली होती. मी पुढे झालो तर तिने मला थांबवलं आणि नखाने ती एका कडेपासून सोलत राहिली. मग बटण दाबलं. दुपार होती, पण बेसमेंटला दुपार नसते. काही दिसेना. आई चाचपडत खुर्चीपर्यंत आली आणि म्हणाली, "दे तिला."

त्या अंधारात बया थोडी सावरली. एके सकाळी आईच्या बोटावरचा बलक चाटला. एकदा तर माझा मोजा ओढत पलंगाखाली न्यायला निघाली आणि अर्ध्या वाटेत त्याच्यावरच झोपली. मुलगी शाळेतून आली की पायऱ्यांवर बसून, अंधारातच, आजीशी बोलायची. "आजी, इज शी वॉर्म?" आई म्हणायची, "आहे गं." मी बायकोला सांगायला लागलो होतो की बया उन्हाळ्यात स्वतः गाडी चालवत एटोबिकोला जाईल.

मग एका दुपारी आईने वर हाक मारली. फक्त माझ्या नावाने, आणखी काही नाही. मी खाली गेलो तेव्हा दिवा लागलेला नव्हता. तिने तो लावला नव्हता. मी जिन्याचं दार उघडं ठेवलं तेवढ्या उजेडात दिसलं की बया तिच्या मांडीवर गोल झालेली आहे आणि आई तिला झबलं घालतेय. एकेक पाय एकेका भोकातून.

"असू दे ते अंगावर," म्हणाली. "त्यांची लोकर आहे. दोघांना एकमेकांची सोबत."

बयेला अंगणात पुरावं तर जमीन दगड झालेली. तिला डॉक्टरीणबाईंकडे पोचवावं लागलं. वसईकर स्वतः गाडी घेऊन आले, आईच्या पाया पडले आणि चहा न घेता गेले.

श्राद्ध वर, स्वयंपाकघरात केलं. मागच्या अंगणातल्या मेपलवर कावळे होते. कॅनडाचे का असेनात, आले. भाताच्या बाजूला पानावर एक चमचा पिवळा बलक होता. भटजींनी त्याच्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि मंत्र पुढे चालू ठेवला. सगळं झाल्यावर मी विचारलं, खालचा दिवा लावू का. आईने मान हलवली. फोटो वर आणला होता, तो तिने खिडकीशी ठेवला, जिथे बर्फावरून परत आलेला उजेड पडतो. पुसला. आणि त्याला म्हणाली, "आता दिवस असेल तोवर बाहेर बघत बसा. रात्री झोपायचं. घाबरायचं नाही."

त्यानंतर तीही वरच्या खोलीत झोपायला लागली.

पुढच्या गणपतीत मंडळात सगळे घरून पदार्थ आणतात त्या पॉटलकला लोकांनी मला घेरलं. फेरेटची गोष्ट सांगा, म्हणाले. मी सांगितली. बंब पाच आले, नवरदेव वासराएवढा होता, बर्फाच्या वादळात वसईकर स्लेजवरून आले. वसईकर समोरच बसले होते, ताटात पुरणपोळी. मी रक्त देण्यापर्यंत आलो आणि पुढे जाता येईना. आई पलीकडच्या खुर्चीवर होती. सगळे वाट बघत होते.

"मग वाचली का ती?" कुणीतरी विचारलं.

मी म्हणालो, "वाचली ना. दुसऱ्या दिवशी उठून तिने डॉक्टरीणबाईंचा मोजा चोरला."

लोक हसले. मी आईकडे बघायचं टाळलं. ती निम्मं करणार, चौथाई करणार, काहीतरी करणार. आईने वाटीतली तुपाची धार पोळीवर सोडली.

"पिल्लंही झाली तिला," आई म्हणाली. "वसंतात."

वसईकरांचा घास हातात राहिला. त्यांच्या नवरदेवाचं काय झालेलं होतं ते त्या हॉलमध्ये त्यांच्याइतकं पक्कं कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी आईकडे बघितलं, मग ताटाकडे.

"हो," म्हणाले. "त्यातलं एक माझ्याकडेच आहे. अगदी आईवर गेलंय."